एक्झिट दोन, चारशे अठरा पावलं

माणसाला वेड असावं, माझं काही म्हणणं नाही. पण ते ज्याचं त्यानं स्वतःच्या पायांवर करावं. आमच्या साहेबांचं वेड माझ्या पायांवर चालायचं. तेही दुबईत, ऑगस्टमध्ये, भर दुपारी.

अल क्वोजला गोडाऊनच्या रांगेत साहेबांची छोटी प्रेस होती. एका बाजूला फर्निचर पॉलिशवाला, दुसऱ्या बाजूला एसी दुरुस्तीवाला, मधे आम्ही. बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, हॉटेलांची मेनूकार्डं असलं काम. मशीनवर खानसाब म्हणून पेशावरकडचा एक माणूस आणि बाकी सगळ्याला मी. बाकी सगळं म्हणजे झाडू, कागदाचे गठ्ठे, डिलिव्हरी, चहा आणि साहेबांचं ऐकणं. ह्या शेवटच्या कामाला खरं तर वेगळा माणूस ठेवायला हवा होता.

मी संगमेश्वरकडचा. चौथीपर्यंत शाळेत गेलो. म्हणजे शाळेच्या बाजूला गेलो. मराठी वाचतो ते बोट ठेवून. इंग्लिश वाचतो ते बोट ठेवून आणि देवाचं नाव घेऊन. नोकरी मागायला गेलो तेव्हा साहेबांनी एका लॉन्ड्रीचं पत्रक हातात दिलं. म्हणाले, वाच. मी वाचायला बसलो. त्यांचा चहा आला, निवला, साय धरली, तरी मी दुसऱ्या ओळीवर. मला वाटलं, गेली नोकरी. तर हे खुर्चीतून उठलेच.

"मस्त! असाच माणूस हवा होता मला."

मला वाटलं थट्टा करतायत. नव्हे. त्यांचं म्हणणं असं की जाहिरात कशी आहे ते हुशार माणसाला दाखवून कळत नाही, तो काहीही वाचतो. ढ माणसाला दाखवायची. "तुला कळली म्हणजे दुनियेला कळली." पुढची सहा वर्षं त्या प्रेसमधून एक कागद माझ्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नाही. लोकांना अकलेचा पगार मिळतो, मला नसल्याचा मिळायचा.

साहेब मूळचे भुसावळचे. घर रुळाच्या कडेला, त्यामुळे लहानपणापासून गाडीचा आवाज नसला तर झोप नाही. सहा फूट उंच, काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. साठी उलटलेली. लायसन्स होतं, गाडी नव्हती. कुठंही जायचं तर मेट्रो. गिऱ्हाईक म्हणायचं, "सर, ड्रायव्हर पाठवतो." हे म्हणायचे, "ड्रायव्हर नको, तुमच्या दुकानापासून मेट्रो किती पावलं ते सांगा." कुणाला माहीत असतंय?

ह्या सगळ्याचं मूळ केबिनमध्ये भिंतीवर टांगलेलं होतं. एक फ्रेम. आत पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद. शंभरएक वर्षांपूर्वीचं, अमेरिकेतल्या कुठल्याशा रेल्वेचं टाइमटेबल. एक म्हातारं जोडपं व्हिला रिकामा करून मायदेशी गेलं, त्यांची रद्दी फिरत फिरत आमच्याकडे आली आणि त्यात साहेबांना हे सापडलं. मला विचाराल तर चहा गाळायच्या लायकीचा कागद. पण साहेबांनी त्याला काच बसवली. पुढच्या बाजूला गाड्यांच्या वेळा आणि कडेनं सगळीकडे स्टेशनाजवळच्या दुकानांच्या जाहिराती. टोपीवाला, न्हावी, घोडागाडीवाला, दात काढणारा. आणि एक खानावळ. साहेब ती रोज एकदा तरी वाचून दाखवायचे, मराठी करून. "स्टेशनातून बाहेर पडा, डावीकडे वळा, बँकेला ओलांडून तिसरं दार. तुमची गाडी सुटायच्या आत गरम जेवण."

"गाव कुठलं, साहेब?"

"कागद फाटलाय तिथं. गावाचं नाव गेलं. ती गाडी गेली, खानावळ गेली, जेवणारे गेले. पण बघ, ही अजून जेवायला बोलावतेय."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चारशेव्यांदा ऐकलं तेव्हा खानसाबच्या अंगावर आला, कारण तोपर्यंत त्याला मराठी कळायला लागलं होतं. "यार, ये होटल बंद क्यूँ नहीं होता," म्हणायचा.

साहेबांचा मोठा दुश्मन म्हणजे 'मेट्रोपासून पाच मिनिटं'. बिल्डिंगांच्या बोर्डावर लिहिलेलं असतं ना, ते. एकदा डिस्कव्हरी गार्डन्सच्या बाजूला डिलिव्हरी देऊन येताना त्यांना असा बोर्ड दिसला. झालं. घड्याळ काढलं, मला पाण्याची बाटली धरायला लावली आणि स्टेशनापासून चालायला सुरुवात केली. सव्वीस मिनिटं लागली. मी शेवटची चार मिनिटं चाललो नाही, नुसता पुढे पडत गेलो. साहेबांनी तिथंच फुटपाथवर उभं राहून बोर्डावरचा नंबर लावला, स्पीकरवर.

"मी तुमच्या बोर्डाखालून बोलतोय. पाच मिनिटं लिहिलंय, सव्वीस लागली."

तिकडून एक गोड आवाज. "हबीबी, फाइव्ह मिनिट्स बाय कार."

"मेट्रोतून उतरलेल्या माणसाकडे कार कुठून आली?"

तिकडून फोन बंद. साहेबांनी परत लावला. परत बंद. सात वेळा. मी म्हटलं, "साहेब, खलास करा ना, सावलीत तरी बोलू." तर म्हणाले, "तू नोंद कर, सव्वीस." मी नोंद केली. माझ्या नोंदवहीत अशा नोंदी पाहिल्या असत्या तर कुणीही मला डॉक्टरकडे नेलं असतं.

गाडीत बसले तरी चैन नाही. बसायचे नाहीतच. दाराच्या काचेला नाक लावून उभे आणि बाहेरचे बोर्ड दिसले की मला हुकूम. "वाच!" गाडी सुसाट, माझं बोट काचेवर. एकदा एका फर्निचरवाल्याचा लांबलचक बोर्ड आला. मी वाचायला लागलो, गाडी पुढे, बोर्ड मागे. म्हणून मीही डब्यातल्या डब्यात मागे मागे सरकायला लागलो, बोर्ड सुटू नये म्हणून. सरकत सरकत मी खालची गुलाबी पट्टी ओलांडून बायकांच्या डब्यात कधी घुसलो मला कळलं नाही. मान वर केली तर सगळीकडे बायका आणि एक इन्स्पेक्टर. शंभर दिरहॅम दंड, म्हणजे आपले तेवीस-चोवीसशे. बायका बघतायत, मी घामाघूम, आणि साहेब पट्टीच्या पलीकडून काय विचारतात?

"किती शब्द वाचलेस?"

"तीन."

"अकरा होते. जाहिरात वाईट आहे."

दंड त्यांनी भरला, नाही म्हणत नाही. पण त्या फर्निचरवाल्याला फोन करून सांगितलं की तुमच्या जाहिरातीमुळे आमचा माणूस बायकांच्या डब्यात गेला. नावासकट सांगितलं. माझ्या.

गेल्या वर्षी साहेब प्रेस विकून भुसावळला गेले, तरी सुटका नाही. आता इथं एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी प्रवासी गाडी व्हायचीय, तर त्यांचा फोन येतो.

"स्टेशनं बांधतायत म्हणे. तू जाऊन आलास का? बाहेर काय आहे?"

"काय असणार साहेब, वाळू आहे."

"किती?"

अशा माणसाला काय सांगणार? मी म्हटलं, मोजतो, इन्शाल्ला.

तर, आता साहेब इथं असताना त्यांनी छापलेल्या एका पिवळ्या पुस्तकाची गोष्ट.

साहेबांनी एक दिवस फ्रेमकडे बघत बघत ठरवलं की दुबईत असं छापायचं. मी म्हटलं, साहेब, मेट्रोला टाइमटेबल कशाला? एक गेली की दुसरी येते. म्हणाले, "गाडीच्या वेळा कोण छापतोय? उतरल्यावर काय, ते छापायचं." खिशात मावेल एवढं पुस्तक, पिवळं कव्हर. एकेका स्टेशनाला एक पान. त्यावर मोठी दुकानं नाहीत, गल्लीतली, मागच्या बाजूची, ज्यांना रस्त्यावर तोंड नाही अशी. शिंपी, चपलावाला, न्हावी, लॉन्ड्री. प्रत्येकाला फोन नंबर आणि दोनच ओळी, त्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. स्टेशनाचं कुठलं एक्झिट, तिथून किती पावलं, आणि दुकान किती वाजता बंद. परवानगीचे कागद साहेबांनी आधी केले, त्या बाबतीत पक्के. पुस्तक वाटायचं नाही, ज्यांची जाहिरात त्यांच्याच काउंटरवर ठेवायचं. म्हणजे शिंप्याकडे आलेला माणूस खानावळीचं वाचेल आणि खानावळीतला शिंप्याचं.

"मोबाईलवर मॅप असतो, सर," एका दुकानदारानं सांगितलं.

"मॅपला विचारलं तर तो सांगतो. न विचारता बोलावतं ते पुस्तक."

आणि पावलं मोजायची कुणी? मी. साहेबांचे पाय लांब, त्यांची पावलं खोटी पडतात म्हणे. "गिऱ्हाईक दमलेलं असतं. त्याची पावलं तुझ्यासारखी आखूड असतात." आधी माझी बुद्धी कामाला आली होती, आता उंची आली. नियम असा की जाताना मोजायची, येताना मोजायची, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर परत जायचं. साइटवरच्या माणसांना उन्हाळ्यात दुपारी सुट्टी असते. मी साइटवर नव्हतो, मी साहेबांकडे होतो.

त्या पुस्तकात एक खानावळ होती. अल बर्शाला, मोठ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका बिल्डिंगच्या पाठीमागं. चालवणारी कोल्हापूरकडची एक वहिनी. नवरा शाळेची बस चालवायचा, मुलगी दहा वर्षांची. दुकान रीतसर घेतलेलं, लायसन्स भिंतीवर, सहा टेबलं, भाकरी अशी की मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा दोन मिनिटं गप्प होतो, आणि मी गप्प राहत नाही. पण दुकानाचं तोंड पार्किंगकडे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणार नाही, वास तेवढा येणार. दुपारी सहा टेबलांवर सहा जग पाण्याचे आणि एका टेबलावर मुलगी होमवर्क करतेय.

वहिनी मला म्हणाली होती, "दादा, सप्टेंबरअखेर करार संपतोय. तोवर चार माणसं बसायला लागली तर ठीक. नाहीतर मी आणि पोरगी गावाला जातो, हे इथं राहतील एकटे. असंच ठरलंय आमचं." बोलताना पीठ मळत होती, माझ्याकडे बघितलं नाही.

मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, आय अ‍ॅम नॉट गोइंग."

तर तिच्या पावलांची मोजणी. दिवस बघा, नेमकी माझी वही साहेबांच्या टेबलावर राहिली. मी स्टेशनातून खाली उतरलो, कुठलं एक्झिट ते पेननं तळहातावर लिहिलं आणि निघालो. ऊन असं की रस्त्यावरची मांजरंसुद्धा एटीएमच्या खोलीत बसलेली. मोजली, चारशे अठरा. तळहातावर लिहिली. येताना मोजली, चारशे अठरा. मला एवढा आनंद झाला, आयुष्यात माझी बेरीज दोनदा जुळली नव्हती. प्रेसमध्ये येऊन हात उघडला. चारशे अठरा ठळक. त्याच्या वरचा एक्झिटचा आकडा घामानं गेलेला. नुसता निळा डाग.

आता त्या स्टेशनाला एक्झिट दोनच. एक रस्त्याच्या ह्या बाजूला, दुसरं त्या बाजूला, मधे बारा-चौदा लेनचा रस्ता आणि त्यावरून पूल. परत जायचं, बघायचं, यायचं. तासाभराचं काम. पण बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी डोळे मिटले, आठवायचा प्रयत्न केला, आणि साहेबांना सांगितलं, "एक."

दोनातून एक निवडायचं होतं. माझं नशीब मला माहीत होतं, मी दोन सांगायला हवं होतं. पण मग एक बरोबर निघालं असतं.

साहेबांनी छापलं. एक्झिट एक, चारशे अठरा पावलं, दुपारी साडेबारा ते साडेतीन. पुस्तकं काउंटरांवर गेली.

सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वहिनीचा प्रेसवर फोन. मीच घेतला. "दादा, लोकांचे फोन येतात हो. मराठी पोरं, केरळचे लोक, विचारतात कुठं आहे. म्हणतात आम्ही पोचलो, पण समोर टायरचं दुकान आहे. मला तर इथं टायरचं दुकान माहीत नाही."

मला माहीत होतं. पलीकडच्या बाजूला आहे ते. आणि मी काय बोललो? "येतील हो वहिनी, नवीन आहेत लोक, गोंधळतात." फोन ठेवला आणि चहा करायला गेलो. असे मी आठ दिवस चहा केले. खानसाब म्हणाला, "इतना चाय क्यूँ? किसी का निकाह है?"

साहेबांना सांगावं असं रोज वाटायचं. पण नोकरी गेली असती. शिवाय त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावली होती. जाहिरात साधी असली चालेल, छोटी असली चालेल, खोटी नको. मी मनात म्हणायचो, खोटी नाही, चुकलीय. मग वहिनीचा फोन यायचा आणि मी परत म्हणायचो, येतील हो. हे मात्र खोटं होतं.

साहेबांची एक सवय मी विसरलो होतो. पुस्तक छापलं की ते स्वतः प्रत्येक दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायचे, हातात पुस्तक धरून, परक्या माणसासारखे, पुस्तक सांगेल तसंच. त्या दुपारी माझा मोबाईल वाजला.

"मी एक्झिट एकमधून चारशे अठरा पावलं चाललो. तुझ्या पावलांनी. लोक बघत होते."

सहा फुटाचा माणूस माझ्यासारखा दुडुदुडु चालतोय, हे डोळ्यांसमोर आलं.

"माझ्यासमोर टायरचं दुकान आहे," साहेब म्हणाले. "जेवायला काय घेऊ?"

मी सगळं सांगितलं. तळहात, घाम, आठ दिवसांचे चहा. साहेब म्हणाले, "इथंच थांबतो. ये."

मी गेलो. साहेब टायरवाल्यानं दिलेल्या स्टुलावर बसले होते. एक शिवी देतील, खलास, म्हणून मान खाली घातली. शिवी नाही. उठले, मला पुलावरून पलीकडे घेऊन गेले, एक्झिट दोनच्या तोंडाशी उभं केलं आणि स्वतः मोजत निघाले, आखूड आखूड पावलं टाकत. मी मागून. लाज आणि ऊन दोन्ही एकदम लागतं तेव्हा काय होतं ते विचारू नका. वहिनीच्या उंबऱ्याला पाय लागला आणि ते थांबले.

"चारशे अठरा," म्हणाले. माझ्याकडे वळून बघितलं. "म्हणजे चाललास तू खरा."

एवढंच. नोकरी तेवढ्यावर राहिली.

आत वहिनीला त्यांनी सरळ सांगितलं. झाकपाक नाही. "ताई, चूक प्रेसची आहे. आम्ही तुमची माणसं रस्त्याच्या पलीकडे पाठवली. आकडा ह्यानं तळहातावर लिहिला, घामानं पुसला, ह्यानं अंदाजे सांगितला, मी तपासायच्या आधी छापला."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणत होतो ओरड, काहीतरी बोल. ती एवढंच म्हणाली, "मग फोनवर का नाही सांगितलंत, दादा?"

मुलगी म्हणाली, "सो दे ऑल वेंट टू द टायर शॉप?" आणि मोठ्यानं हसली. तिच्या हसण्यानं मला रडू यायला लागलं, तर मी पाणी मागितलं.

साहेबांनी त्याच दिवशी चिठ्ठ्या छापल्या, एक्झिट दोन अशा, आणि काउंटरवरच्या पुस्तकांवर मी त्या चिकटवत फिरलो. मला वाटलं, झालं. साहेब म्हणाले, "आणि जी लोकांच्या खिशात गेली?"

"ती आता गेली, साहेब."

"जे पुस्तक माणसाच्या खिशात गेलं, ते दुरुस्त करायला माणसानंच उभं राहायचं."

आणि दुसऱ्या दिवसापासून साडेबाराला आम्ही दोघं एक्झिट एकच्या बाहेर. बोर्ड धरायचा नाही, ओरडायचं नाही, कुणाला अडवायचं नाही, परवानगी नाही त्याची. नुसतं बघायचं. ज्याच्या हातात पिवळं पुस्तक आणि चेहऱ्यावर गोंधळ, तो आपला. साहेब त्याच्यापुढे जाऊन म्हणायचे, "एक्स्क्यूज मी, आम्ही चुकीचं छापलंय." आणि मला हाक. मग मी त्याला पुलावरून पलीकडे न्यायचो, एक्झिट दोनपासून पावलं मोठ्यानं मोजत, कारण साहेबांचा हुकूम, गिऱ्हाईकाला आकडा पटला पाहिजे. लोकांना वाटायचं हा देवळाची प्रदक्षिणा घालतोय.

पहिल्या दिवशी कुणी नाही. दुसऱ्या दिवशी एक माणूस पिवळं काहीतरी घेऊन आला, मी धावलो, तर ते बिस्किटाचं पाकीट. तिसऱ्या दिवशी अल क्वोजचे दोन इलेक्ट्रिशियन, आपल्याच सांगलीचे. त्यातला एक म्हणाला, "काय रे, तुला चालायचा पगार आहे काय?" मी म्हटलं, "चुकायचा होता. चालतोय फुकट." एक फिलिपिनो रिसेप्शनिस्ट होती, ती तर पूर्ण चारशे अठरा माझ्याबरोबर मोजत आली, हसत, आणि दुसऱ्या दिवशी तीन मैत्रिणींना घेऊन आली. त्यांना भाकरी म्हणजे काय माहीत नव्हतं. खाल्ल्यावर कळलं.

मी रोज कटकट करायचो. साहेब, सावलीत उभे राहा. साहेब, टोपी घाला. साहेब, आता बास, कोण येतंय. त्यांचं उत्तर ठरलेलं, घड्याळाकडे बघून, "साडेतीनपर्यंत छापलंय." आणि माणूस असा हट्टी की प्रत्येकाला खानावळीच्या दारापर्यंत पोचवू देणार, पण स्वतः आत पाय ठेवणार नाही. वहिनी दारातून हाका मारायची, "काका, या ना, दोन घास खाऊन जा." हे लांबूनच हात करायचे. मला म्हणायचे, "आपली चूक निस्तरल्याशिवाय तिच्या ताटावर बसायचं नाही." मग मलाही बसता यायचं नाही. भाकरीचा वास घेऊन परत पुलावर. तीन आठवडे मी त्या वासावर जगलो.

सप्टेंबरचा शेवटचा दिवस. करार त्या दिवशी संपत होता. वहिनी काय ठरवतेय ते कुणी बोलत नव्हतं, आणि मी विचारायच्या लायकीचा उरलो नव्हतो. त्या दुपारी तीन वाजेपर्यंत कुणी आलं नाही. मी म्हटलं, साहेब, आता तरी. इतक्यात एक म्हातारा केरळी अकाउंटंट आला, शर्टाच्या खिशात पिवळं पुस्तक, कव्हर घामानं भिजलेलं. जुनं पुस्तक, चिठ्ठी नसलेलं. "टायर शॉप ओन्ली," म्हणाला. ह्या वेळी साहेब स्वतः बरोबर आले. त्या म्हाताऱ्याला घाई नव्हती, पुलावर दोनदा थांबला. दारात पोचलो तेव्हा साडेतीन होतच आले होते.

आत पाच टेबलं भरलेली. मी दोनदा मोजली. इलेक्ट्रिशियन होते, रिसेप्शनिस्ट होती, काही माणसं अशी होती की मी त्यांना आणलंच नव्हतं, ती आपली आपणच आलेली. मुलीला होमवर्कला जागा नव्हती, ती गल्ल्यामागं जमिनीवर बसली होती. सहावं टेबल त्या म्हाताऱ्याला मिळालं. त्याच्यासमोरची दोन खुर्च्यांची जागा दाखवून वहिनी म्हणाली, "बसा, काका. आज मी ऐकायची नाही."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. मला वाटलं आता बसतात. माझं पोट तर आधीच बसलं होतं. त्यांनी मनगट उलटं केलं, घड्याळ बघितलं.

"तीन बत्तीस झाले, ताई. साडेतीनला बंद छापलंय आपण."

आणि वळले की हो! तीन आठवडे उन्हात उभा राहिलेला माणूस, समोर गरम भाकरी, आणि दोन मिनिटांवरून निघाला. मी मनातल्या मनात भुसावळच्या सगळ्या गाड्यांना शिव्या दिल्या.

वहिनी पदराला हात पुसत आली. त्या म्हाताऱ्याच्या समोरचं पिवळं पुस्तक उचललं, पोरीच्या हातातलं पेन घेतलं, आणि आमच्या जाहिरातीतलं साडेतीन सरळ खोडून वर चार लिहिलं.

"बसा आता."

"अहो, छापलेलं असं खोडायचं नसतं!" साहेब हादरलेच. "एका प्रतीत चार आणि बाकीच्यांत साडेतीन, लोकांनी काय समजायचं?"

"मग पुढच्या वर्षीच्या पुस्तकात सगळीकडे चार छापा," वहिनी म्हणाली आणि ताटं वाढायला आत गेली.

गल्ल्यामागून मुलीचा आवाज आला. "आय टोल्ड यू आय अ‍ॅम नॉट गोइंग."

साहेब एक मिनिट उभेच राहिले. मग खुर्ची ओढली आणि बसले. मीही बसलो. साहेब ते खोडलेलं पान परत परत बघत होते. मग मला म्हणाले, "लिहून घे. पुढचं वर्ष, बंद होण्याची वेळ चार."

वही प्रेसमध्ये होती. मी टेबलावरचं पेन उचललं आणि सवयीनं डावा हात उघडला.

"तळहातावर नको!" साहेब इकडून आणि वहिनी आतून, दोघं एकदम ओरडले.